चाल

डॉक्टर निरगुडे आले, रेवडीच्या बरगड्या शोधू लागले.
तळवा फिरवला, दाबला, पुन्हा फिरवला,
वीज गेल्यावर काडेपेटी चाचपावी तसा.
मग मानेवरची वळी मुठीत धरून म्हणाले,
"हिला घातलंय कुणी काय काय?"

कुणी नाही घातलं?
आषाढात अण्णांच्या मांडीचं हाड मोडलं,
तेव्हापासून अण्णा खाटेला, घोडी खुंट्याला.
चातुर्मासात नवरदेव नसतात,
पण मखमलाबादेत सण एकापाठोपाठ एक,
आणि दर सणाला पानातलं उरलेलं घेऊन कुणीतरी दारात.
पुरणपोळी, मोदक, कडाकण्या, शिळा शिरा.
मुकं जनावर आहे, खाऊ दे.
मुकं जनावर कधी पुरे म्हणालं नाही.

पळवू नका, म्हणाले. गोल गोल तर मुळीच फिरवू नका,
एवढा भार एकाच बाजूच्या सांध्यांवर जातो.
डांबर टाळा. नुसतं चालवा.
निघण्याआधी खुरांना हात लावा,
गरम लागले तर घरीच, आणि मला फोन.
गवत भिजवून, मोजून, पण उपाशी ठेवायचं नाही,
उपाशी घोडं भलत्याच दुखण्याने जातं.
"आणि कंटाळू देऊ नका,"
हे स्कूटरला किक मारता मारता,
जसं काही तेच सगळ्यात सोपं.

पहिल्या दिवशी पाटाच्या कडेने, मऊ मातीतून, दहा मिनिटं.
त्यातली चार ती उभीच.
नाकपुड्या भात्यासारख्या. मी घड्याळ बघत तिचे श्वास मोजले,
मग सहज माझेही, आणि तो विषय तिथेच सोडला.

द्राक्षबागेतले मोडके बांबू आणून वाटेत आडवे टाकले,
पाय उचलेल, डोकं चालवेल.
पहिल्यांदा तिने ते हुंगले. तिसऱ्या दिवशी ओलांडले.
पाचव्या दिवशी तिला सगळं पाठ,
आणि चेहरा सरकारी कचेरीतल्या दुपारसारखा.
मग वाट बदलली, म्हसरूळकडून आणली,
फाट्यावर दोर सैल सोडून म्हटलं, तूच सांग कुठे.
तिने घर सांगितलं.

एका संध्याकाळी पेरूच्या बागेपलीकडे
लतीफभाई कॉर्नेट फुंकून बघत होते,
चार महिने पेटीत पडलेला.
वरातीचीच चाल.
रेवडीचे कान उभे, मानेची कमान,
आणि मला कळायच्या आत पुढचे पाय हवेत निघाले,
नाचायला, तेवढ्या सगळ्या वजनानिशी.
मी गळ्याला लटकले. नको गं, गुडघे जातील तुझे.
"लतीफभाई, थांबा!"
ते थांबले. तीही थांबली.
माझ्या तोंडात तिची आयाळ, गालाखाली
कातडं थरथरतंय,
कितीतरी दिवसांनी कुणी नावाने हाक मारावी तसं.

दुसऱ्या दिवशी विचारलं, निम्म्या वेगात वाजवाल?
"वरातीची चाल निम्म्यात? बाई, मयताला निघाल्यासारखं होईल."
तरी बसले पाटाच्या भिंतीवर, गाल फुगवले.
आणि ती चालली.
मागचे पाय पोटाखाली घेत, एकेक टाप जपून ठेवत,
पंधरा मिनिटं, पुढच्या आठवड्यात वीस,
बांबूंवरून, चिंचेला वळसा घालून, परत,
चालीवर चाल.

तुळशीच्या लग्नाआधीच पंचवटीतून इसार घेऊन एकजण आला.
अण्णा खाटेवरून माझ्याकडे बघत राहिले.
पैसे दिसत होते. नवरदेवही दिसत होता,
बापाच्या मोबाइलमध्ये, चांगला ऐंशी किलोचा.
म्हटलं, माघात बघू.
आज तंग एक भोक आत बसला,
आणि बोटांना, खूप दाबल्यावर, काहीतरी लागलं.
बरगडी असेल. मी डॉक्टरांना कळवलं नाही अजून.

आज लतीफभाई सिन्नरला गेलेत.
भिंत रिकामी. रेवडी तिथे येऊन थांबली ती थांबलीच.
दोर ओढला नाही. ती चाल मीच गुणगुणू लागले,
बेसूर, मध्येच शब्द विसरत.
तिने एक कान माझ्याकडे वळवला.
दुसरा अजून सिन्नरच्या वाटेकडे.